पाच काऊन

पुण्याच्या ऑफिसातून आलेल्या फॉर्मवर पाच चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर एकच इंग्रजी शब्द: व्हाय. काही बिघडलं की विचारायचं, आमच्या बोलीत, काऊन? जे उत्तर येईल त्यालाच पुन्हा विचारायचं, काऊन? असं पाच पायऱ्या खाली उतरलं की मूळ कारण हाती लागतं, असं एचआरच्या करिष्मा मॅडमनी व्हिडिओ कॉलवर समजावलं होतं. त्याला त्या रूट कॉज म्हणतात.

हा फॉर्म मी एप्रिलमध्ये इंग्रजीत भरून पाठवला. आता मे संपत आलाय. कोरी प्रत काढून मी तो पुन्हा भरतोय, मराठीत. कुणी मागितलेला नाही.

नाव: प्रसेनजित हिवाळे. हुद्दा: कोऑर्डिनेटर, बुलढाणा. काम: भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट. घटना: मिरचीचा एक लॉट शुद्धतेच्या चाचणीत नापास. प्लॉट कुणाचा: रुखमाबाईचा, धाड गावाच्या रस्त्यावर.

काऊन १. लॉट नापास काऊन झाला?

दोरा नसलेली फळं बियाण्यात गेली म्हणून.

शेडनेटमधलं, म्हणजे जाळीच्या मांडवातलं, हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मिरचीची मादी झाडं वेगळ्या ओळीत, नर झाडं वेगळ्या ओळीत. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी बाया ती चिमट्यानं उघडतात आणि आतले पुंकेसर काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग लावतात आणि देठाला रंगीत दोरा बांधतात. याला सगळे क्रॉसिंगच म्हणतात, माझी मायसुद्धा. तिनं सतरा हंगाम ते केलंय. एखादी कळी हातून सुटते आणि आपली आपणच फळते. त्या फळाला दोरा नसतो. ते तोडून फेकायचं असतं. नाही फेकलं तर दिसायला तीच मिरची, पण बी भलतंच.

चाचणीत शंभर रोपांत दोन भलती निघाली तरी लॉट जातो. रुखमाबाईच्या लॉटात नऊ निघाली.

काऊन २. ती फळं झाडावर काऊन राहिली?

तपासणीचा तिसरा फेरा झाला नाही.

काऊन ३. तिसरा फेरा काऊन झाला नाही?

एप्रिलमध्ये मी या चौकटीत लिहिलं होतं: बँडविड्थ कन्स्ट्रेंट्स ॲट फील्ड लेव्हल.

म्हणजे माणसांना वेळ पुरला नाही. पण ‘माणसांना’ हा शब्द मराठीत मी आत्ता घातला. इंग्रजी वाक्यात माणूस नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी अडवलं नाही, कुणी गेलं नाही. नुसतं फील्ड आहे आणि त्याची एक लेव्हल आहे.

ही भाषा मला पुण्यात मिळाली. तीन वर्षं एका ऑफिसात होतो. पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये ‘मले चहा’ म्हणालो आणि पुढचे चार महिने माझं नाव ‘मले’ होतं. मग मी बोलणं कमी केलं आणि ऐकायला लागलो. कुणाला टाळायचं असलं की तिथे म्हणतात, ऑफलाइन घेऊ. आपल्याला करायचं नसलेलं काम म्हणजे ‘टीमनं’ करायचं काम. चूक झाली की ती लर्निंग होते. हे सगळं मला इतकं छान जमायला लागलं की गावाकडे ऑफिस उघडायचं ठरलं तेव्हा वरच्यांनी मलाच पाठवलं. ब्रिज म्हणून, असं म्हणाले.

चौकट भरली. पुढचं मागच्या बाजूला.

काऊन ३, मागच्या बाजूला

फेरा घेणारा माणूस म्हणजे सहदेवकाका. सहदेव पंजाबराव शेळके, वय छप्पन्न. पुण्याच्या कंपनीनं हे काम विकत घेतलं त्याच्या आधीपासून, बावीस वर्षं, प्लॉट तपासतोय. तिसरा फेरा सगळ्यात कंबर मोडणारा. क्रॉसिंग संपल्यावर, फळ लाल व्हायच्या आधी, प्रत्येक झाडापाशी वाकायचं आणि दोरा नसलेलं फळ शोधायचं. काका नेटमध्ये शिरला की मजूर बाया स्वतःच ओरडून सांगतात, “काका, इकडं दोन हायेत, बोंबलू नका!”

नोव्हेंबरात एका शनिवारी तो ऑफिसात आला आणि माझ्या टेबलावर फेऱ्यांची वही ठेवली.

“बाबू, रुखमाबाईकडचा तिसरा राह्यला हाय. फळं रंगावर येऊन राह्यली. मले सोम-मंगळ लागतीन.”

“काका, सोमवारी पुण्याचे पाहुणे येऊन राह्यले. लर्निंग व्हिजिट आहे. तुम्ही सोबत पाहिजे.”

“मी काय करू त्याईत? ते इंग्रजी बोलतात अन् मले हासू येते.”

“मेहकरकडचे प्लॉट तुमच्याशिवाय कोन दाखवीन? अन् त्यांना हिवरा आश्रमालाही जायचंय.”

“आश्रम काय पळून जाते का? प्लॉट लाल होऊन राह्यला.”

“पाहुणे जाऊ द्या. मग सर्कल बॅक करू.”

“काय करू?”

“मग पाहू म्हणतो.”

“अशी मानसाची बोली बोल ना बे मंग!” तो म्हणाला. ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो.

मंगळवारी दुपारी त्याचा मेहकरहून फोन आला. पाहुणे जेवत होते. तो दबक्या आवाजात म्हणाला, “बाबू, रुखमाबाईचे दोन फोन येऊन गेले. मी म्हनलं येतो. एस्टी पकडून निघू का? पाहुण्यायले ड्रायव्हर दाखवीन पुढचं.”

मी नाही म्हणालो. माझे नेमके शब्द: “काका, मधेच गेलात तर ऑप्टिक्स चांगले दिसणार नाहीत.” ऑप्टिक्स म्हणजे वरच्यांच्या नजरेला कसं दिसतं ते; पण म्हणजे काय, हे त्यानं या वेळी विचारलं नाही.

पाहुणे गुरुवारी गेले. रुखमाबाईनं बुधवारीच तोड सुरू केली होती. लाल मिरची थांबत नाही, आणि सांगून ठेवलेल्या बायाही थांबत नाहीत.

तर उत्तर: मी दोनदा अडवलं म्हणून.

काऊन ४. मी काऊन अडवलं?

एप्रिलच्या फॉर्ममध्ये या जागी प्रश्न वेगळा होता, कारण तिसरं उत्तर वेगळं होतं. वेळ काऊन पुरला नाही? त्याचं उत्तर मी लिहिलं: लॅक ऑफ ओनरशिप बाय फील्ड सुपरवायझर. फील्ड सुपरवायझर आमच्याकडे एकच आहे. ओनरशिप म्हणजे काम आपलं समजून करणं. ज्या माणसानं मेहकरच्या ढाब्यामागं उभं राहून दुसऱ्याच्या मिरचीसाठी मला फोन केला, त्याच्याबद्दल मी हे लिहिलं.

खऱ्या प्रश्नाचं उत्तर लाजिरवाणं आणि लहान आहे. पाहुण्यांत दोन वरचे साहेब होते. त्यांच्यासमोर माझा जिल्हा नीट दिसावा, आणि जिल्ह्यासोबत मी. काका नसता तर शेतकरी मोकळे बोलले नसते, आणि मी गाडीत पुढच्या सीटवर बसून गप्प राहिलो असतो.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. इंग्रजी कागदावर कुणाची सही घ्यायची असेल तर तो आधी त्याला आपल्या भाषेत वाचून दाखवायचा. काकानंच ती लावली, मी यायच्या आधीपासून. त्या फॉर्मखालीही त्याची सही लागणार होती: ‘वाचले, मान्य’. तो समोर येऊन बसला, चष्मा लावला, जसं काही स्वतःच वाचणार आहे.

“वाच.”

कागद माझ्या हातात होता. त्यावर लिहिलेलं होतं बँडविड्थ, लिहिलेली होती ओनरशिप. मी कागदाकडे पाहत पाहत वाचलं, “तिसरा फेरा राहण्याचं कारण, त्या आठवड्यात पुण्याची व्हिजिट होती. सहदेव शेळके यांनी ऑफिसला दोन वेळा आठवण करून दिली. ऑफिसनं त्यांना व्हिजिटसोबत राहायला सांगितलं.”

एक शब्दही त्यातला कागदावर नव्हता. वाचताना माझा आवाज अडखळला नाही. उलट बरं वाटलं, छाती हलकी झाली. खरं बोलून झालं, असं वाटलं.

काकानं चष्मा काढला. मग म्हणाला, “बाबू, तुनं सोतावर घेतलं.”

“खरं ते लिहिलं, काका.”

“तुह्या नोकरीवर नाही ना येनार?”

“नाही येणार.”

त्यानं सही केली. सहीनंतर पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं. आणि जाताना दारात थांबून म्हणाला, “तरी बी रुखमाबाईले मी येतो म्हनलो होतो. तेवढं माहं हायेच.”

काऊन ५.

एप्रिलच्या फॉर्ममध्ये इथे लिहिलंय: एन ए. म्हणजे लागू नाही. चार काऊनमध्ये मूळ सापडलं असेल तर पाचवा विचारायची गरज नाही, असं मॅडमनीच सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी पुण्याहून काकाच्या नावाचं पाकीट आलं. तो ते न उघडता माझ्याकडे घेऊन आला. ‘पार्ट वेज’ असं होतं त्यात, आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असं काहीतरी. हे मात्र मी जसं होतं तसं वाचलं. पहिल्या तारखेपासून येऊ नका.

“काऊन?” काका म्हणाला.

मला वाटतं पाचवा काऊन हाच. फॉर्मवर नाही, माझ्या टेबलासमोर उभा राहून विचारलेला.

“पुण्याचा निर्णय आहे काका. कॉल वरच्यांनी घेतला.”

त्यानं पत्र घडी करून पाकिटात ठेवलं. मग स्वतःशीच हिशोब लावल्यासारखं बोलला, “तुनं तर सारं खरं लिहिलं होतं. ते वाचून बी त्याईनं असं ठरवलं. मंग त्याईले दिसलंच असंल काही. बाहेरच्या मानसाले बरोबर दिसते. मी जाऊ शकत होतो, बाबू. तुले न इचारता एस्टीत बसलो असतो तर तू काय मारनार होता मले?”

मी मान खाली घातली. तेव्हा सांगता आलं असतं. ऑफिसात आम्ही दोघंच होतो, पंखा चालू होता, दुपारचे साडेतीन. मी सांगितलं नाही.

रिमार्क्स

फॉर्मच्या तळाशी ही एक लांबट जागा असते. एप्रिलमध्ये कोरी ठेवली होती. आता पुरणार नाही, पण लिहितो.

गेल्या सोमवारी सकाळी माय गहू निवडत बसली होती. मी डबा घेऊन निघालो तर तिनं वर न पाहता विचारलं, “सहदेवनं रुखमाच्या घरी जाऊन तिच्या पायाले हात लावला म्हन्ते. चूक माही हाय म्हने. खरं हाय का?”

मला हे माहीत नव्हतं. मी डबा खाली ठेवला.

“तिसरा फेरा सोडनारा मानूस नोय तो,” माय म्हणाली. “मी सतरा साल त्याच्या हाताखाली क्रॉसिंग केली. ताप घेऊन येत होता. काऊन नाही गेला?”

तिच्यासमोर बँडविड्थ म्हणता येत नाही. ऑप्टिक्स म्हणता येत नाही. माझ्याकडे आमच्या भाषेत एकच उत्तर होतं, ते मी दिलं. अडवल्याचं सांगितलं, कागदावर काय लिहिलं ते सांगितलं, काय वाचून दाखवलं तेही.

मायचा हात सुपात थांबला. मला वाटलं रडेल किंवा शिव्या देईल.

“मंग मले काऊन सांगून राह्यला?” ती म्हणाली. “तुह्या कागदावर म्या दस्कत केली होती का?”

ऑफिसात जाऊन मी पहिल्यांदा करिष्मा मॅडमना फोन लावला. हे मुद्दाम लिहितो: पहिल्यांदा त्यांना. काकाकडे जाण्यापेक्षा ते सोपं होतं. सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, “प्रसेनजित, थँक यू फॉर टेकिंग ओनरशिप. हे बोलायला खूप धैर्य लागतं.”

“मॅडम, मग काकांचं पत्र मागे घेता येईल ना?”

“अरे, ती पोझिशन क्लोज झाली. दॅट शिप हॅज सेल्ड.”

रेल्वेसुद्धा नसलेल्या बुलढाण्यात बसून मी ते जहाज गेल्याचं ऐकून घेतलं.

“आणि माझं?” मी विचारलं.

“तुझं काय? यू हॅव लर्न्ड. आपण पुढे जाऊ या.”

मला काहीच झालं नाही. बुधवारच्या कॉलवर तर त्यांनी माझं नाव स्लाइडवर घातलं, मोकळेपणाचं उदाहरण म्हणून. आठ जिल्ह्यांच्या आठ खिडक्यांतून अंगठे वर झाले. मी कॅमेरा बंद केला.

गुरुवारी काकाच्या घरी गेलो. तो अंगणात फटफटीचा प्लग साफ करत बसला होता. मला पाहून हसला, “या कोऑर्डिनेटर साहेब! बसा. पाना द्या तो पायापाशीचा.”

मी पाना दिला आणि उभ्यानंच सांगितलं. मायला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द जुळवले की ते पुण्याकडे वळतात हे मला आता कळलं होतं.

त्यानं प्लग फडक्यात गुंडाळला.

“म्हंजे त्या दिवशी तू वाचून राह्यला होता, ते कागदावर नव्हतं.”

“नव्हतं.”

“माहं नाव होतं.”

“नाव नव्हतं. हुद्दा होता.”

“हुद्दा एकाचाच हाय.”

“हो.”

“अन् मी इचारलं तुले, तुह्या नोकरीवर नाही ना येनार.”



तो ओरडेल याची मी वाट पाहत होतो. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच बहुतेक तो ओरडला नाही. त्यानं हात पुसले, आत जाऊन शर्ट घालून आला.

“माही फटफटी खोललेली हाय. तुही काढ. रुखमाबाईकडं चाल.”

सबंध रस्ता तो मागं बसून होता. माझ्या खांद्याला त्यानं धरलं नाही, मागचं कॅरियर धरलं.

रुखमाबाई तिच्या रिकाम्या शेडनेटमध्ये होती. जुनी झाडं उपटून झाली होती आणि वाऱ्यानं फाटलेली जाळी ती खाली पसरून पाहत होती. काकाला पाहून तिनं तोंड फिरवलं. मला पाहून पदर सावरला, “या साहेब.”

मी तिसऱ्यांदा सांगितलं.

ती जाळीवरच बसली. “अन् यानं माह्या पायाले हात लावला तवा तुमी कुठं होते?”

“ऑफिसात.”

“वडलासारखा मानूस,” ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. “अन् म्या त्याचं वाटोळं केलं. सायेब, देऊळगाव राजाच्या कंपनीवाला गोकुळभाऊ आल्ता, मंगळवारी. सहदेव कामाले ठेवाव का इचारत होता. म्या म्हनलं, नका ठेवू, फेरा चुकवते. त्यानं सोतानंच सांगतलं होतं ना मले, चूक माही म्हनून!”

काकालाही हे माहीत नव्हतं. त्यानं तिकडे काम मागितलं होतं आणि उत्तराची वाट पाहत होता, हे मला माहीत नव्हतं.

“नंबर हाय माह्याजवळ,” रुखमाबाई म्हणाली. “तुमीच सांगा. अन् माह्यासमोर सांगा.”

बियाण्याच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. इथं सांगितलेलं महिनाभरात जालन्यापर्यंत जातं. नंबर दाबताना हे माझ्या डोक्यात आलं नाही, असं लिहिणार नाही. आलं. मी एक आकडा चुकवला, पुन्हा दाबला.

“बोला,” तिकडून आवाज आला.

“सहदेव शेळके यांच्याबद्दल बोलायचं होतं.”

“त्यायचं झालं ना. फेरा चुकवते म्हने.”

“नाही चुकवत. ते दोनदा निघाले होते. दोन्ही वेळा मी अडवलं, आणि रिपोर्टमध्ये त्यांच्यावर ढकललं.”

तिकडं चालू असलेला ट्रॅक्टर बंद झाला.

“तुमी कोन?”

“प्रसेनजित हिवाळे. बुलढाणा ऑफिसचा कोऑर्डिनेटर.”

“आता बी तिथंच हाव?”

“हो.”

“अन् ते घरी बसले.”

“हो.”

“मोठे कलाकार हाव भाऊ तुमी. द्या त्यायले फोन.”

मी फोन दिला. काका तो घेऊन नेटच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. मला फक्त तुकडे ऐकू येत होते. “हाव… हाव… नाही, गाडी माही हाय… जूनपासून? येतो ना… नाही, त्याच्यावर काही बोलत नाही मी.”

परत आला तेव्हा त्यानं फोनची काच शर्टाला पुसली आणि फोन माझ्या हातात दिला.

“तुमी निघा साहेब. मले इथं टाइम लागीन.”

“मी थांबतो. सोडतो तुम्हाला घरी.”

“धाडवरून एस्टी हाय.”

रुखमाबाईनं जाळीचं एक टोक त्याच्याकडे फेकलं. त्यानं ते पकडून ताणलं, फाटलेली जागा उन्हात धरली आणि तिला म्हणाला, “सुई मोठी आन, हे बारीक सुईनं टिकत नाही.” ती घराकडे गेली. तो जाळी धरून उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

मी गाडीपाशी बराच वेळ थांबलो. मला कुणी काही विचारलं नाही.